उजेड किती असावा?

जुन्या वस्तूंची निगा राखताना माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते वरवर पाहता कारागिरीचे असतात. थोडे खोल गेल्यावर ते नीतीचेही असल्याचे ध्यानात येते. वाडवडिलांच्या घराची कौले उतरवून तेथे पत्रा घालावा काय, आजीचे लाल लुगडे नेसावे की पेटीत जपून ठेवावे, हे असेच प्रश्न आहेत. त्याच जातीचा, परंतु अगदी लहानसा एक प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. जुन्या मोटारगाडीच्या डॅशबोर्डवरील मीटरांचा उजेड मंद झाला असेल, तर तो वाढवावा काय? आणि वाढवायचा, तर किती?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु अशा गाड्या आपल्याकडे अजून कोठे कोठे टिकून आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ सालापासून फियाट ११०० डी ही गाडी बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसेडर गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. ज्या मोजक्या कुटुंबांनी या गाड्या जपल्या, त्यांना त्या निव्वळ वाहन वाटत नाहीत. नाव नोंदवून, वर्षानुवर्षे थांबून वडिलांनी मिळवलेल्या त्या गाडीतून घरातली नवरी चर्चला गेलेली असते, आजारी माणूस इस्पितळात पोचलेला असतो. अशा गाडीला हात लावताना मन कचरते, ते उगीच नव्हे.

आता मुळात हा उजेड मंद का होतो, ते पाहू. मीटरामागे असलेला बल्ब जेमतेम दोन-तीन वॅटचा असतो. त्याचा उजेड सरळ डोळ्यांत येत नाही. मीटराच्या डब्याच्या आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून, कधी हिरव्या किंवा निळ्या पडद्यातून गाळून तो आकड्यांवर उतरतो. चाळीस-पन्नास वर्षांत या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बिघडते. बल्बच्या तारेतील टंगस्टन झिजून काचेच्या आत काळसर थर बसतो. डब्याचा पांढरा रंग पिवळा पडतो, त्यावर धूळ साचते. होल्डरच्या पितळेवर गंज चढतो आणि अर्थिंग कच्चे होते. काही गाड्यांत उजेड कमी-जास्त करण्याची गोल खुंटी असते. वर्षानुवर्षे न फिरवल्याने तिच्या आतली तार मळते आणि तीच वीज अडवून धरते. तारेच्या दिव्याचा स्वभाव असा, की त्याला मिळणारा विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही. तो सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे सांध्यावरचा थोडासा गंजही मीटर अंधारात लोटायला पुरेसा होतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बहुतेक वेळा दोष एकट्या दिव्याचा नसतो. होल्डर पॉलिश कागदाने घासून स्वच्छ केला, अर्थिंगची तार नीट कसली, डबा उघडून आतून नव्याने पांढरा रंग दिला आणि त्याच वॅटचा नवा बल्ब बसवला, की पुष्कळ गाड्यांचे मीटर पूर्वीसारखे वाचता येऊ लागतात. या कामाला पैसे थोडे लागतात. वेळ आणि चिकाटी मात्र पुष्कळ लागते. डॅशबोर्डखाली पाठीवर निजून, विजेरी तोंडात धरून अर्धा दिवस घालवण्याची तयारी हवी. आणि नेमकी ती नसते, म्हणून आपण दुसरा मार्ग धरतो: अधिक वॅटचा बल्ब आणून बसवतो. तो बल्ब तापतो, रंगीत पडदा वितळवतो, जुन्या तारेवर भार टाकतो. मूळ दोष जिथल्या तिथे राहतो आणि त्यावर नवा दोष चढतो. घरातल्या भांडणात कारण न शोधता आवाज वाढवणाऱ्याची जी गत, तीच येथे होते.

आजच्या काळात तिसरा मार्गही सहज हाती आला आहे. निळ्या प्रकाशाचा एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या त्या शोधातून पांढरा एलईडी दिवा आला आणि आता तो मीटरातल्या इवल्या बल्बच्या जागीही बसतो. त्याला वीज थोडी लागते, तो तापत नाही, टिकतोही पुष्कळ. त्याची निंदा करण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. मात्र तो डोळसपणे बसवावा लागतो. वीज एकाच दिशेने वाहिली तरच तो पेटतो, म्हणून ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तेथे साधा एलईडी उलटा पडतो. उजेड कमी-जास्त करणारी खुंटी तारेच्या दिव्यांसाठी घडवलेली असल्याने ती त्याच्यावर नीट चालत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट चार्जिंगच्या लाल दिव्याची आहे. आल्टरनेटर असलेल्या अनेक गाड्यांत हा दिवा केवळ सूचना देत नाही. त्याच्यातून जाणाऱ्या थोड्याशा विजेवर आल्टरनेटर जागा होऊन काम सुरू करतो. तेथे एलईडी लावला, तर तितकी वीज जात नाही आणि बॅटरी भरेनाशी होते. ज्याला आपण नुसता इशारा देणारा समजत होतो, तो गुपचूप एक काम करीत होता, हे तो काढून टाकल्यावर कळते. जुन्या व्यवस्थेतल्या वस्तूंबाबत, आणि जुन्या माणसांबाबतही, हा अनुभव वाचकांना नवा नसावा.

येथपर्यंतचा विचार यंत्राचा झाला. परंतु उजेड पाहण्यासाठी डोळा लागतो, आणि या प्रश्नाचा अवघड भाग तेथे आहे. वयोमानाने डोळ्याची बाहुली आकसते, आतले भिंग पिवळट होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. गाडी आणि तिचा मालक एकाच घरात म्हातारे झालेले असतात. १९७५ साली जे आकडे स्वच्छ दिसत होते, ते आज दिसत नाहीत, तेव्हा मालक म्हणतो, “दिवा मंद झाला.” दिवा मंद झालेला असतोच, पण डोळाही झालेला असतो. पहिली गोष्ट सांगणे सोपे जाते. दुसरी सांगताना जीभ अडखळते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की मीटराचा उजेड वाढवण्यापूर्वी मंदपणा नेमका कोठे आहे, हे प्रामाणिकपणे शोधणे हे मालकाचे कर्तव्य आहे. परीक्षा सोपी आहे. त्याच आसनावर, त्याच काळोखात घरातल्या तरुण मुलीला किंवा मुलाला बसवावे आणि काटा वाचायला सांगावे. त्याला तो सहज वाचता आला, तर मेकॅनिककडे जाण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणे बरे. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरून येणाऱ्या गाडीचा झोतही त्याला सहन होत नसणार आणि कडेने चालणारा सायकलवालाही दिसत नसणार. डॅशबोर्ड लखलखीत केल्याने त्याला आपला वेग कळेल. सायकलवाला मात्र कळणार नाही. उलट, मीटर स्पष्ट दिसू लागल्यामुळे आपल्याला सारे काही दिसते, असा खोटा धीर त्याला येईल. हा धीर घातक आहे.

कारण डोळ्याचा आणखी एक नियम आहे. काळोखाला पूर्ण सरावण्यास डोळ्याला अर्धा तास लागतो आणि जवळचा प्रखर उजेड ती कमाई काही क्षणांत घालवू शकतो. पांढऱ्या-निळसर प्रकाशाने हे अधिक होते, लालसर प्रकाशाने कमी. रात्री काम करणाऱ्या नाविकांनी आणि वैमानिकांनी आपल्या यंत्रांवर लाल उजेड वापरला, तो याच कारणासाठी. मोटारीच्या आतला उजेड जितका वाढेल, तितका काचेपलीकडचा रस्ता काळा होत जातो. मीटरावरचा उजेड आपल्याविषयी सांगतो: माझा वेग किती, माझे इंधन किती, माझे इंजिन किती तापले. रस्ता इतरांविषयी सांगतो. स्वतःविषयीची माहिती ठळक करताना दुसरा माणूस दिसेनासा होत असेल, तर तो उजेड मर्यादेबाहेर गेला, असे समजावे.

याच्या उलट टोकालाही दोष आहे, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. काही रसिक मालक गाडीच्या अस्सलपणाला इतके जपतात, की मूळ बल्ब, मूळ पडदा, मूळ पिवळेपणादेखील त्यांना पवित्र वाटतो. काटा दिसत नाही, तर वाकून पाहतात. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद वाकून पाहिले, की ३३ मीटर रस्ता कोणाच्याही नजरेवाचून सरला. मागच्या आसनावर नातवंडे झोपलेली असतात. पाणी उकळू लागल्याचे काट्याने सांगितलेले असते, पण ते कोणी वाचलेले नसते. आपल्या आठवणींची किंमत मागे बसलेल्यांनी किंवा रस्त्याने चालणाऱ्यांनी का मोजावी?

अस्सलपणा आणि सुरक्षितता यांत कोणाला झुकते माप द्यावे, हे कायदा पुरतेपणी सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपात असावी, तिचा सांगाडा, बांधा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. दोन वॅटच्या बल्बला हा नियम शिवतही नाही. ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. तिचा आशय असा, की फेरफार गरजेपुरताच असावा आणि तो पूर्ववत करता यावा. हे सूत्र आम्हांस शहाणपणाचे वाटते. पण तेही सूत्रच. ‘गरज’ कशाला म्हणावे, हे ठरवणे शेवटी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर येऊन पडते. कायद्याची नजर जेथे पोचत नाही, अशा लहान जागीच माणसाची खरी पारख होते.

मग ही गरज ठरवावी कशी? आमच्या मते क्रम असा असावा. आधी साफसफाई करावी: सांधे, अर्थिंग, डब्याचा रंग. मग त्याच वॅटचा नवा बल्ब लावून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर पिवळसर छटेचा, मंद एलईडी त्याच होल्डरमध्ये बसवावा, एकही तार न कापता. काढलेला बल्ब जपून ठेवावा, आणि चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नये. मग काळोख्या रस्त्यावर गाडी थांबवून दोन गोष्टी पाहाव्यात: एका दृष्टिक्षेपात काटा वाचता येतो काय, आणि काचेत मीटरांचे प्रतिबिंब न पडता पलीकडचा रस्ता दिसतो काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ आले, की थांबावे. त्यापुढचा उजेड मिरवण्यासाठी आहे.

आणि या सर्वांनंतरही मालकाला काटा दिसत नसेल, तर रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ आली आहे. हे वडिलांना सांगणे मुलांना जड जाते. ऐकणे वडिलांना त्याहून जड जाते. किल्ली मागणे म्हणजे घरातले स्थान मागणे, असे त्यांना वाटते. म्हणून ते भर रस्त्यात, गाडी थांबवून सांगू नये; दिवसाउजेडी, घरी बसून, प्रेमाने सांगावे. रविवारी सकाळी गाडी त्यांनीच चालवावी. रात्री मुलाने किंवा मुलीने चालवावी आणि त्यांनी शेजारी बसावे. गाडीचा कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला काळजीचा, हे तिच्यासोबत पन्नास वर्षे काढलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळते?