हापशाच्या खर्चात पाळणा

एका कोरडवाहू तालुक्यात दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. मध्ये ओढा, आणि ओढ्याकाठी जुनी पायऱ्यांची विहीर. वाड्या कल्पित आहेत. हापसा, त्याची मोडतोड आणि तो मोडल्यावर माणसांचं काय होतं, हे मात्र खरं आहे.

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर पाडल्या गेल्या. त्यांच्यावर सुरुवातीला बिडाचे हापसे बसायचे. त्यांचा मूळ नमुना परदेशातल्या शेतघरांचा. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढाव्यात एवढाच त्याचा जीव. इथे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत अख्खं गाव दांड्यावर. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली, तर चारातले तीन हापसे बंद निघाले. तोवर जालना-सोलापूरकडच्या काही खटपटी मंडळींनी पोलादी हापसे घडवून वापरात आणले होते. त्यातल्या सोलापुरी हापशावरून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला, 1977 च्या सुमारास कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला. पण पोलादी हापशातही वॉशर झिजतो, साखळीचं ग्रीस सुकतं, नट ढिले होतात.

तर असे दोन हापसे या दोन वाड्यांना एकाच आठवड्यात मिळाले. सोबत निधीही सारखाच. वरच्या वाडीने त्यातून फरशीचा चौथरा बांधला, मांडव घातला, सभापतींच्या हस्ते नारळ फोडला आणि पाच जणांच्या नावांचा फलक लावला. खालच्या वाडीत ओव्हरसियर साहेबांनी सरपंचांना गाठलं. म्हणाले, “आण्णा, चौथरा साधा करू. राहिलेल्या पैशात गावचं एक माणूस शिकवून घेऊ.”

आण्णांनी आपल्या पुतण्यालाच पाठवलं. पोरगा हुशार, महिन्यात सगळं शिकला आणि सहा महिन्यांत भोसरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. गावात बोंब झाली. “पैसा पाण्यात गेला, साहेब!”

“तो शिकला नसता तर ऊसतोडीला गेला असता,” साहेब म्हणाले. “जायचा तो जाणारच होता. आता हातात कसब घेऊन गेला.”

पण हापसा गावातच होता. तो बंद पडला की सगळ्यात आधी कोणाला कळतं, हे साहेबांनी विचारलं, तेव्हा पुरुष एकमेकांकडे बघू लागले. उत्तर चुलीजवळून आलं. आण्णांची धाकटी सून म्हणाली, “आम्हाला. दांडा हलका लागला की समजतं, पानी उतरलंय.”

तिलाच पाठवायचं ठरलं. सासूबाई आडव्या आल्या नाहीत, हे नवल, त्यांनी फक्त विचारलं, “आणि हिच्या अंगावरचं पोर?” दुसरा प्रश्न सूनबाईंनी विचारलाच नाही, तो आरोग्य केंद्राच्या सिस्टरांनी ओळखला. तिच्या अंगात रक्त कमी होतं, चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची. बोअरमधून नळ उपसून काढायचे म्हणजे तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप, एकेक नऊ-दहा किलोचा, आतल्या पाण्याचं वजन वेगळं.

साहेबांनी नवं अंदाजपत्रक केलं. पाने, क्लॅम्प, वॉशर, ग्रीस. शिकण्याच्या दिवसांची रोजी. लोहाच्या गोळ्या केंद्रातून, गूळ-शेंगदाणे निधीतून. शेवटच्या ओळीत एक पाळणा आणि तो हलवायला एका म्हातारीची मजुरी.

पंचायत समितीच्या हेडक्लार्कने त्या ओळीला लाल गोल केला. “हापशाच्या खर्चात पाळणा कुठे बसवू, साहेब? जडवस्तू नोंदवहीत हापसा चढतो. बाईचं शिकणं कुठल्या रकान्यात चढवू?”

क्लार्क दुष्ट नव्हता. नोंदवहीत तसा रकानाच नव्हता. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांच्या वह्यांतही तो फार उशिरा आला: 1990 मध्ये महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन मानव विकास निर्देशांक मांडला आणि देश किती पुढे गेला हे पाहताना उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजलं जाऊ लागलं. तिथून तालुक्याच्या टेबलापर्यंत यायला कागदाला किती वर्षं लागतात, ते आपण जाणतोच.

साहेबांनी लाल गोलाखाली सही ठोकली आणि पाळणा आणला.

सूनबाई शिकल्या. हाताला ग्रीस लागलं म्हणून पहिल्या दिवशी हसल्या, आठव्या दिवशी कुणी हसलं तर त्यांना राग आला. दांडा खडखडला तर साखळी बघायची, पाणी यायला उशीर लागला तर तळचा व्हॉल्व्ह किंवा वॉशर, पाण्याला गंज आला तर पाइप. नळ वर काढताना तिकाटण्याला चार बायका लागायच्या; मग त्या चारही थोडंथोडं शिकल्या. पुढे ‘मार्क थ्री’ निघाला, ज्याचा वॉशर सगळे पाइप न उपसता वर काढता येतो. तो कसा, हे त्यांना फार समजवावं लागलं नाही.

वरच्या वाडीचा हापसा दुसऱ्या उन्हाळ्यात थांबला. गेलं होतं काय, तर तळाचा एक वॉशर. अर्ज गेला, पोच मिळाली. दुरुस्तीची गाडी तालुक्याला एकच आणि तिचंही चाक काढून ठेवलेलं. बायका पुन्हा पायऱ्यांच्या विहिरीत उतरू लागल्या. पोरी शाळा सोडून कळशीमागे. आणि वर्षभराने, ऐन सुगीत, वाडीतल्या माणसांच्या पायांतून नारू डोकावू लागला.

आजच्या वाचकाला नारू माहीत नसेल. पाय बुडवून पाणी भरायच्या विहिरींतून तो पसरायचा. पाण्यातल्या बारीक किड्यांतून पोटात जायचा आणि वर्षभराने हातभर दोऱ्यासारखा कातडी फोडून बाहेर यायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा ओढायचा. तोवर माणूस खाटेवर. भारतातून तो गेला. 1996 नंतर रुग्ण सापडला नाही, 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. त्यात ना लस होती ना रोग बरा करणारं औषध. पाणी गाळून प्यायला शिकवणारी माणसं होती, विहिरींत टाकलेलं किडे मारायचं औषध होतं, आणि चालू हापसे होते. माझ्या मते यातला ‘चालू’ हा शब्द सगळ्यात महाग. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत या शतकातही साधारण तीनातला एक हापसा बंद असल्याचे अंदाज निघाले आहेत. लोखंड तिथे पोचलं. ते चालतं ठेवणारे हात, त्या हातांची रोजी आणि सुट्या भागांचं दुकान यांच्यासाठी पैसा मोजताना देणगीदारांचे हात आखडले, कारण त्यांच्यापुढे फीत कापता येत नाही.

खालच्या वाडीत त्या काळात नारू नव्हता, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या विहिरीचं पाणी कुणी प्यायलं असेलच. पण हापसा कधी एका दिवसापेक्षा जास्त बंद राहिला नाही. कळशीत जाणारा वेळ वाचला, तो पोरींच्या शाळेत गेला, थोडा बायकांच्या पाठीला मिळाला.

पाचव्या वर्षी लेखापरीक्षक आले. वरच्या वाडीचा हिशेब चोख: चौथरा आहे, फलक आहे, हापसाही जागेवर आहे. तो चालतो का, हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नव्हता. खालच्या वाडीच्या कागदावर मात्र बोट थांबलं. “पाळणा? गूळ-शेंगदाणे? यातून कोणती मत्ता उभी राहिली?”

साहेब म्हणाले, “ती आत्ता जागेवर नाही. वरच्या वाडीला गेलीय, त्यांचा हापसा उघडायला.”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, थोडं हसले, आणि आक्षेप तसाच नोंदवला. नियम तो नियम. पाळण्याची आणि म्हाताऱ्या बाईच्या मजुरीची रक्कम साहेबांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायचा आदेश निघाला. आण्णांनी गावात वर्गणी काढायची भाषा केली, तर साहेबांनी हात जोडले.

पावसाळ्याआधी वरच्या वाडीचे सरपंच कचेरीत आले. नवा हापसा मागायला आले असतील, असं हेडक्लार्कला वाटलं.

“नवा नको,” ते म्हणाले. “खालच्या वाडीच्या सूनबाईंनी एकदा चालू करून दिला. दुसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाल्या, तुमच्या दोघी पाठवा, शिकवते. आमच्या दोघी तयार आहेत, साहेब. एकीला सहा महिन्यांचं लेकरू आहे.”

साहेबांच्या पगारातून अजून दोन हप्ते कापायचे राहिले होते. त्यांनी कोरा कागद ओढला. या वेळी पाळणा त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिला, पाने आणि क्लॅम्प त्याच्याखाली, आणि कागद क्लार्कच्या टेबलावर ठेवला. क्लार्कने लाल पेन उचललं, टोपण काढलं, बराच वेळ ओळ वाचली.

“मजुरी कमी धरलीय साहेब,” तो म्हणाला. “दोन पोरं असतील तर एका म्हातारीला आवरायची नाहीत.”