यार्देनेत सात वेळा
(मननासाठी शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५ वा व २० वा)



अराम देशाचा सेनापती नामान ह्याची कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. तो पराक्रमी होता, राजाच्या मर्जीतला होता. परंतु त्याच्या अंगी कोड होते. घरातील एका लहान दासीच्या शब्दावरून तो रुपे, सोने व वस्त्रे घेऊन इस्राएल देशी गेला. अलीशा संदेष्टा भेटीसाठी बाहेरही आला नाही. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, एवढाच निरोप त्याने पाठविला. नामानास राग आला. संदेष्टा येईल, हात उंच करील, काही मोठा चमत्कार दाखवील, अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय बुडीच मारावयाची तर दिमिष्काच्या अबाना व परपर ह्या नद्या काय वाईट, असे तो म्हणाला व पाठ फिरवून चालू लागला. त्याच्या चाकरांनी त्याची समजूत घातली नसती तर तो कोड घेऊनच घरी जाता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपणांस रोग आहे हे नामान नाकारीत नव्हता, आणि बरे होण्याची इच्छाही त्यास होती. त्याचे अडले ते उपायाच्या निवडीपाशी.

ह्या कथेचे आज स्मरण होण्यास कारण असे की, एका उपदेशक बंधूने आम्हांस पुसले आहे, “बिडी सोडावयाची तर कोणत्या रीतीने सोडावी? हळूहळू कमी करावी, की एकदम टाकावी? औषध घ्यावे, की केवळ प्रार्थनेवर विसंबावे?” प्रश्न प्रामाणिक आहे. पुसणारा स्वतः बिडी ओढतो हेही त्याने लपविले नाही. ह्यास्तव आम्ही त्याचे उत्तर सर्वांपुढे देत आहो.

प्रथम रोग ओळखावा. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुराबरोबर ते फुप्फुसात जाते व काही सेकंदांतच मेंदूस पोहोचते. मेंदूस त्याची सवय जडली म्हणजे ते कमी पडताच जीव कासावीस होतो, चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात मन रमत नाही. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटीन निम्मे होते. म्हणूनच नांगर धरलेला मनुष्य मध्येच थांबून खिसा चाचपतो. ह्यात केवळ मनाचा दुबळेपणा आहे असे समजू नये. शरीर बंदिवान झालेले असते, आणि बंदिवानास नुसते रागे भरून त्याची बेडी तुटत नाही.

बिडी म्हणजे सिगारेटीपेक्षा सौम्य, पानात वळलेली, गरिबाची निरुपद्रवी वस्तू, असा आपल्या खेड्यांत समज आहे. तो खोटा आहे. तेंदूचे पान कागदासारखे सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून ओढणारा वारंवार व जोराने झुरके घेतो. त्यामुळे डांबरासारखे विषारी द्रव्य, निकोटीन व कोळशाच्या धुरातला विषारी वायू ही सिगारेटीइतकीच, किंबहुना अधिकही, त्याच्या छातीत जातात.

आता उपायांकडे वळू. पहिला मार्ग हळूहळू कमी करण्याचा. वीस बिड्यांच्या पंधरा, पंधराच्या दहा, असे पुष्कळजण ठरवितात. ह्या विषयी इंग्लंडात सुमारे ७०० धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला व त्याचे फलित २०१६ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांनी दोन आठवड्यांत कमी करीत करीत सोडावे व उरलेल्यांनी नेमलेल्या दिवशी एकदम सोडावे, असे ठरले होते. औषधांचे व समुपदेशनाचे साहाय्य दोहोंसही होते. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी शेकडा ४९ टिकले. हळूहळू सोडणाऱ्यांपैकी शेकडा ३९. सहा महिन्यांनंतर पहिल्यांपैकी शेकडा २२ व दुसऱ्यांपैकी १५ ते १६ उरले. ह्यावरून दिवस नेमून एकदम सोडणे हा अधिक बळकट मार्ग दिसतो. ज्याच्याने तसे मुळीच होत नसेल त्याने कमी करीत जावे. पण शेवटची तारीख आधी ठरवून मग कमी करावे. तारीख नसलेले कमी करणे म्हणजे काठावर बसून पाण्याची खोली मोजणे होय.

दुसरा मार्ग औषधाचा. निकोटीनची चघळण्याची गोळी व कातडीस चिकटवावयाची पट्टी मिळते. ह्यांतून शरीरास थोडे निकोटीन मिळते, पण धूर व त्यातील विष मिळत नाही. पुढे हे प्रमाण उतरवीत नेऊन बंद करितात. ह्या औषधांनी यश येण्याचा संभव सुमारे दीडपट होतो. गोळी खाण्याची रीत मात्र नीट शिकावी. ती हावरेपणाने चावीत सुटू नये. तिखट चव वा झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावावी, मग गाल व हिरडी ह्यांच्यामध्ये धरून ठेवावी, चव गेली म्हणजे पुन्हा चावावी. असे सुमारे अर्धा तास करावे. त्या वेळी व त्याच्या थोडे आधी चहा पिऊ नये, कारण त्याने औषध तोंडात शोषले जात नाही. ह्याशिवाय व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन ह्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्या. ज्यास फिटांचा विकार आहे त्यास ब्युप्रोपिऑन चालत नाही. गरोदर स्त्रियांनी व हृदयविकार असलेल्यांनी कोणतेही औषध विचारल्यावाचून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली ह्या औषधांची शिफारस केली आहे, व तीबरोबर समुपदेशनही सांगितले आहे.

तिसरा मार्ग सोबतीचा. सरकारने १८००-११-२३५६ हा क्रमांक ठेविला आहे. त्यावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत व तंबाखू कशी सोडावी ह्याचा सल्ला मिळतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करावी. कोणाचेच साहाय्य न घेता सोडावयास निघालेल्या शंभरांपैकी तीन ते पाचच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे अभ्यासकांस आढळून आले आहे. एकट्याने लढण्यात मोठेपणा आहे, असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणि आता अबाना व परपर ह्यांविषयी. बिडी टाकून चुना-तंबाखूचा बार भरणारा, गुटख्याची पुडी फाडणारा, किंवा बिडीऐवजी घरातल्या बाईबरोबर मिश्री लावणारा मनुष्य नदी बदलतो, पण त्याचे कोड तसेच राहते. २०१६-१७ साली झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा ३.८ धूम्रपान करणारे, पण शेकडा २४.४ धुराविना तंबाखू खाणारे वा लावणारे आढळले. बिडीचा धूर घराबाहेर जावा व मिश्रीचा डबा चुलीपाशी राहावा, ह्यात काय साधले? आपल्या बायबलबाईंनी ही गोष्ट भगिनींपुढे अवश्य मांडावी. सुपारीही निर्दोष नाही. तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.

काही बंधू म्हणतील, “आमचा प्रभूवर विश्वास आहे, आम्हांस औषध कशाला?” त्यांनी दुसरा पाठ वाचावा. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून अश्रूंनी प्रार्थना केली. देवाने ती ऐकली व त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर घातली. तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप मागविला, तो गळवावर लाविला गेला, आणि राजा बरा झाला. प्रार्थना झाली, अभिवचन मिळाले, आणि लेपही लागला. ज्या देवाने प्रार्थना ऐकली त्यानेच अंजीर निर्माण केले होते. औषध घेणे अविश्वास नव्हे. आणि औषध घेऊन प्रार्थना सोडणे हेही शहाणपण नव्हे.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका बंधूने उपासनेत सर्वांदेखत उभे राहून बिडी सोडण्याचा नवस केला. आम्ही गीत गाइले, त्याच्यासाठी प्रार्थना केली व समाधानाने घरी गेलो. त्यानंतर कोणीही त्याच्या दारी गेले नाही. अकराव्या दिवशी उसाच्या गाडीआड तो बिडी ओढताना एकास दिसला. ती बातमी संध्याकाळपर्यंत सर्व वस्तीत झाली. वडीलमंडळींनी त्यास शास्त्रवाचन करण्यापासून थांबविले, आणि आम्हीही त्यास संमती दिली. त्याने उपासनेस येणेच सोडले. दोन वर्षे त्याची जागा रिकामी होती. बिडीने त्याची फुप्फुसे बिघडविली असतील. पण त्यास देवाच्या घरापासून दूर नेले ते आम्ही.

नामानाची कथा पुन्हा वाचा. सात बुड्या सांगितल्या होत्या. पहिलीनंतर काही पालट झाला, तिसरीनंतर डाग फिके झाले, असे शास्त्र सांगत नाही. तो पाचव्या वेळी वर आला तेव्हा काठावरच्या चाकरांनी हसून “पाहा, तसाच आहे” असे म्हटले असते तर? त्यांनी तसे केले नाही. वर सांगितलेल्या प्रयोगातही चांगल्या रीतीने सोडणाऱ्यांपैकी बहुतेक सहा महिन्यांत पडले होते. जे अखेर सुटतात त्यांतील पुष्कळजण आधी अनेकदा पडलेले असतात. पडणे हा शेवट नव्हे; परत पाण्यात न उतरणे हा शेवट होय.

त्या बंधूस परत आणिले ते आमच्या उपदेशाने नव्हे. मंडळीतील एक वृद्ध भगिनी दर आठवड्यास त्याच्या ओट्यावर जाऊन बसे व बिडीचा विषय न काढता पोराबाळांची विचारपूस करी. एके दिवशी त्यानेच विषय काढिला. ती त्याच्याबरोबर एस.टी.ने जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. पहिल्या खेपेस तो महिनाभर टिकला व पडला. दुसऱ्या खेपेस गोळ्या घेऊन त्याने पुन्हा तारीख नेमली. ह्या वेळी आम्ही पाळीपाळीने त्याच्या घरी गेलो. आज चार वर्षे झाली, त्याने बिडीस हात लाविला नाही. आणि गेल्या नाताळाच्या उपासनेत शास्त्रपाठ त्यानेच वाचिला.

म्हणून बंधुजनहो, उपाय निवडण्यात महिने घालवू नका. येत्या दोन आठवड्यांतला एक दिवस नेमा. तो घरात व एका विश्वासू मित्रास सांगा. आदल्या रात्री बिड्या व काडेपेटी घराबाहेर काढा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण; तीन-चार आठवड्यांत तगमग बरीच ओसरते. चहानंतर, जेवणानंतर, पारावर मंडळी जमल्यावर तलफ येईल. ती बहुधा काही मिनिटांतच निघून जाते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, उठून चालू लागा, प्रभूचे नाव घ्या. उशीर झाला असे कोणी म्हणू नये. इंग्लंडातील डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ साली असे सांगण्यात आले की, धूम्रपान तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा व साठाव्या वर्षीही तीन वर्षांचे आयुष्य लाभते. हिज्कीयास पंधरा वर्षे मिळाली. आपणांस मिळणारी तीन वर्षेही देवाचेच दान आहेत.

उपदेशक बंधूंस आमचे एवढेच सांगणे : तुम्ही स्वतः ओढीत असाल तर लपवू नका, पहिली तारीख तुमचीच असो. आणि वडीलमंडळींस सांगणे हे की, कोणाकडून नवस घेण्यापूर्वी त्याच्या दारी कोण जाईल हे आधी ठरवा. नामानाच्या घरची दासी लहान होती, परदेशी होती, बंदिवान होती. तिच्या एका शब्दाने सेनापती वाटेस लागला. तुमच्या घरातही एखादे लहान मूल धुराने खोकत असेल. त्याचे ऐका.

जो प्रभू बंदिवानांस मोकळे करितो तो तुम्हांस पहिल्या बुडीस धैर्य व सातवीपर्यंत धीर देवो, आणि आम्हां सर्वांस काठावर उभे राहून वाट पाहणारे प्रेम देवो. आमेन.