नाव नंतर, आधी श्वास

आंबिवली स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये एक आजी तीन महिन्यांच्या नातवासाठी औषध घेत होत्या. शेजारचे गृहस्थ धीर देत म्हणाले, "व्हायरल आहे ना, मग घाबरायचं कशाला? आपोआप जातं." तो दिलासा माझ्या डोक्यातून जाईना.

मोठ्यांची सर्दी आपोआप जाते, हे खरंच. तान्ह्या बाळाचा हिशेब वेगळा. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो, आणि बाळाच्या श्वासनलिका मुळातच बारीक. आरएसव्हीसारख्या विषाणूने त्या सुजल्या, चिकट स्राव साचला, की फुप्फुसाचा काही भाग मिटतो, काही भाग अडकलेल्या हवेने फुगतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. अगदी कोवळं, त्यातून अपुऱ्या दिवसांचं बाळ कधी श्वास घ्यायचंच थांबतं. ॲडिनोव्हायरसने तर बारीक नलिकांत कायमचे व्रण राहू शकतात. ताप उतरतो, धाप मागे उरते.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. आजार कशामुळे झाला? आणि श्वासासाठी बाळाला किती कष्ट पडताहेत? 'व्हायरल' हे पहिल्याचं उत्तर. जीव टांगलेला असतो दुसऱ्यावर.

शिस्तीचे आग्रही म्हणतील, कारण कळल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. विषाणूवर ते चालत नाही, म्हणून माझाही कल तिकडेच. पण मग गडचिरोलीचं काय करायचं? १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांच्या हाती न्यूमोनियाचा उपचार दिला. खोकणाऱ्या मुलाचा श्वास जलद असला, तर को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक. पुढे मोजणी न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वासमापकही केलं. विषाणू की जिवाणू, हे ठरवायला तिथे प्रयोगशाळा नव्हती. तरी न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी राहिले. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

काही मुलांना औषध विनाकारण गेलं असेल. पण विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसात जिवाणूही शिरतात, आणि दोघांत निवड करत बसायला धापणाऱ्या बाळाकडे वेळ नसतो. तेव्हा शिस्त हवी ती नाक वाहत असूनही मजेत दूध पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत. धापणाऱ्या बाळाला ती लावणं मला आता पटत नाही.

याच वाटेने आणखी पुढे जावं लागतं. निव्वळ विषाणूच्या न्यूमोनियात तारतो तो ऑक्सिजन. गडचिरोलीत औषध उंबरठ्यापर्यंत नेलं. आता मोहने-आंबिवलीच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात बाळाच्या पायाला लावता येईल असा ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन हवा, हा हट्ट महापालिकेकडे धरला पाहिजे. आणि घरात प्रत्येक आईला दोन आकडे पाठ हवेत. शांत बाळाचे मिनिटाला श्वास दोन महिन्यांखाली ६०, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर ताबडतोब डॉक्टर. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळाने दूध सोडलं असेल, तर मोजायलाही थांबू नये. थेट रुग्णालय गाठावं.