परका घास

परदेशी निघालेल्या आमच्या माणसाची बॅग उघडून पाहिली तर तिच्यात कपड्यांपेक्षा खाऊच जास्त सापडतो. चकल्या, शंकरपाळे, लोणच्याची बरणी, घरचा मसाला. यामागे घरच्यांची माया असते, तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण महिनाभराने तो परत येतो आणि तिथे काय खाल्लेस असे विचारले तर म्हणतो, "नेलेले पुरले." एक अख्खा मुलुख पाहून झाला, पण त्या मुलखाची चव जिभेला लागली नाही. का, असे विचारले तर एकच उत्तर मिळते, "शक होता."

या 'शक' शब्दाचा थोडा विचार करावा असे आम्हाला वाटते. शक नेमका कशाचा? आमच्या मते या शब्दाच्या आड दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, हलाल-हरामचा प्रश्न. दुसरी, नुसती अनोळख. पहिलीचा मान राखलाच पाहिजे. दुसरीने पहिलीचा पोशाख चढवून मिरवावे, हे मात्र बरोबर नाही.

हा फरक आम्ही शोधून काढलेला नाही. हदीसमधला प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. प्रेषितांसमोर (स.) एकदा वाळवंटी सरड्याचे भाजलेले मांस ठेवण्यात आले. काय आहे ते कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद यांनी विचारले, हे हराम आहे काय? उत्तराचा आशय असा होता की हराम नाही. आपल्या लोकांच्या भूमीत हे नसते, म्हणून मन घेत नाही. मग खालिद यांनी ते आपल्यापुढे ओढले आणि खाल्ले. प्रेषित पाहत होते, त्यांनी रोखले नाही. 'मन घेत नाही' आणि 'मना आहे' ही दोन वाक्ये किती स्वच्छ वेगळी ठेवली आहेत! आपण मात्र ती सर्रास एक करून टाकतो.

फिनलंडमधल्या एका गोळीचे उदाहरण घेऊ. तिचे नाव साल्मिआक्की. काळीकुट्ट, खारट आणि नाकाला झिणझिण्या आणणारी. ती ज्येष्ठमधापासून करतात आणि तिच्यात नवसागर घालतात. हो, तोच नवसागर, ज्याची पूड टाकून आपल्या मोहल्ल्यातला कल्हईवाला भांडी चकचकीत करतो! पहिल्यांदा खाणाऱ्याचे तोंड वाकडे होते. तिथली मुले मात्र आपल्या मुलांनी चिंच चोखावी तशी ती चोखतात. तिच्या काही प्रकारांत जिलेटिन असते, काहींत नसते, तेवढे पाहून घ्यावे. ते नसेल तर उरतो तो केवळ जिभेचा प्रश्न. आवडली नाही तर ठेवून द्यावी. प्रेषितांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले, असे त्यांचे सोबती सांगतात.

उलट कधी कधी परका घास आपलाच निघतो. मलेशियात ओंडे-ओंडे नावाच्या हिरव्या गोळ्या मिळतात. चिकट तांदळाचे पीठ, आत ताडगूळ, वरून खवलेले ओले खोबरे, आणि रंगा-वासासाठी पानदानची पाने. दाताखाली येताच आतला पातळ झालेला गूळ तोंडभर पसरतो. तांदूळ, गूळ आणि नारळ! ज्याच्या घरी आजीने सांदणे उकडली, त्या कोकणी माणसाला ही गोळी खाताना परदेशात आल्यासारखे वाटणार नाही. ज्या किनाऱ्यावर नारळ वाढतो, तिथल्या बायका साधारण एकसारखाच विचार करतात.

तुर्कस्तानचा लोकुम घ्या. इस्तंबूलमध्ये हाजी बेकीर यांचे मिठाईचे दुकान १७७७ पासून चालत आले आहे. साखर आणि स्टार्च शिजवून केलेल्या या मऊ वड्यांचे जुने नाव राहतुल हुलकूम, म्हणजे गळ्याचा आराम. राहत आणि हलक हे शब्द आमच्या वर्गातल्या मुलांनाही ठाऊक आहेत. पण लोकुमसारखीच लवचीक दिसणारी दुसरी मिठाई युरोपच्या दुकानांत असते, अस्वलांच्या आकाराच्या रंगीत गोळ्या. जर्मनीतील बॉन शहरात १९२० साली सुरू झालेल्या हारिबो कंपनीने त्या जगभर पोहोचवल्या. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत डुकराचे जिलेटिन असते. त्याच कंपनीच्या तुर्कस्तानात बनणाऱ्या हलाल गोळ्यांत मात्र गाईबैलांचे जिलेटिन असते. नाव तेच, चित्र तेच. फरक फक्त पाकिटामागच्या बारीक अक्षरांत.

म्हणून वाचावे लागते. ई ४७१ असे लिहिलेले असेल तर ती चरबी वनस्पतीची असू शकते, प्राण्याचीही असू शकते. ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. जपानमधला मोची साध्या चिकट तांदळाचा असतो, आत गोड लाल चवळीसारखे पुरण. पण तिथल्याच काही गोड-खारट रसात मिरिन नावाची तांदळाची दारू पडलेली असते. हे सगळे विचारणे कटकटीचे आहे, पण त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुकानात पाकीट डोळ्यांजवळ धरून उभे असणारे आपण एकटेच नसतो. शेजारी एखादा जैन प्रवासी असतो, एखादा ज्यू असतो, शेंगदाण्याने घसा सुजणाऱ्या मुलाची आई असते. इटलीच्या पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातला अंश असतो, हे कळल्यावर शाकाहारी माणूसही थांबतो. प्रत्येकाची रेषा वेगळी, पण वाचणे सारखेच.

आपल्या आतही रेषा एक नाही. जपान-कोरियात सुकवलेल्या माकुळाच्या पट्ट्या चघळत गप्पा मारण्याची रीत आहे. कोकणातल्या शाफई माणसाला त्यात अडचण नाही. देशावरचा हनफी माणूस हात आखडतो. खेकड्याचेही तसेच. म्हणून काय कोकण आणि मराठवाड्यात सोयरीक होत नाही? होते, आणि एकाच दस्तरखानवर एकजण खेकडा फोडतो, दुसरा डाळ-भात जेवतो. कोणी कोणाचा अपमान मानत नाही. कारण नकार खेकड्याला आहे, जेवू घालणाऱ्याला नाही, हे दोघांनाही माहीत असते.

आमचे सगळे म्हणणे या शेवटच्या वाक्यात आहे. नकाराचे कारण पदार्थात आहे की देणाऱ्याच्या हातात?

ही कसोटी आम्ही दुसऱ्या बाजूने चांगली ओळखतो. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली की काही हात थबकतात. शिरखुर्म्यात असते काय? दूध, शेवया, खजूर, साखर, सुका मेवा. त्यात कोणत्याही शाकाहारी माणसाला अडचण यावी असे काही नाही. तरी उत्तर येते, "आत्ताच जेवलो." बिर्याणी नाकारणाऱ्याचे आम्हाला कधी वाईट वाटत नाही, त्याची रेषा आम्हाला समजते. शिरखुर्मा नाकारला की लागते, कारण तिथे वाटीत काहीच नसते. जे असते ते आमच्या हातात शोधलेले असते. आणि असेही शेजारी आहेत जे आधी विचारतात, "यात अंडे नाही ना?" आणि नाही म्हटल्यावर दोन वाट्या खातात. त्या विचारण्याने आम्हाला आजवर कधी दुखावले नाही.

मग परदेशात आपण त्या पहिल्या शेजाऱ्यासारखे का वागावे? भाड्याच्या खोलीची मालकीण स्वतः भाजलेला सफरचंदाचा केक घेऊन दारात येते आणि आपण न विचारताच "पोट भरले आहे" म्हणतो. सूरे हुजुरातमध्ये फार गुमान करण्यापासून रोखले आहे; ते फक्त आपसातल्या माणसांपुरते, आणि दारात उभ्या असलेल्या परक्या बाईला लागू नाही, असे आम्हाला वाटत नाही. विचारावे, यात दारू किंवा जिलेटिन आहे का? ती आहे म्हणाली तर हात छातीवर ठेवून कारण सांगावे. नाही म्हणाली तर बिस्मिल्ला म्हणून खावे.

दुसऱ्या टोकाचा दोषही सांगितला पाहिजे. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालीच्या सुलतानाकडे गेला. तिथून पाहुणचार आला तो तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात भरलेले दही. वस्त्रे आणि धन मिळेल या आशेत असलेला हा मोठा प्रवासी हसला, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. घास हलाल होता, देणारा मुसलमान होता, तरी आदर राहिला नाही. आजही काही प्रवासी परक्या गल्लीत उभे राहून तिथला खाऊ तोंडात घालतात, मोबाइलकडे पाहून तोंडे वेडीवाकडी करतात आणि ते जगाला दाखवतात. ज्या विक्रेत्याने तो पदार्थ पहाटे उठून केला, तो बाजूला उभा राहून पाहत असतो. अशा खाण्यापेक्षा न खाणे बरे.

आमच्या शाळेतली कितीतरी मुले उद्या पोटासाठी आखातात, मलेशियात, युरोपात जातील. त्यांच्या बॅगेत लोणचे जरूर असावे. पण तिथले कोणी वाटी पुढे करील तेव्हा आधी ती दोन्ही हातांनी घ्यावी, मग विचारावे. आणि परत द्यावी लागलीच, तर तीही दोन्ही हातांनीच द्यावी.