बिबट्या, पिंजरा आणि पुरावा

मळ्यात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, आत शेळी बांधायची आणि बिबट्या अडकला की त्याला माणसांपासून लांब, दाट जंगलात नेऊन सोडायचे. महाराष्ट्रात बिबट्यापासून बचावाचा हा उपाय अनेक वर्षे निर्विवाद मानला गेला. गावकऱ्यांना तो हवा असे, लोकप्रतिनिधी त्याची मागणी करत आणि वन खाते तो अमलात आणी. प्राणिप्रेमींचीही हरकत नसे, कारण त्यात बिबट्याचा जीव वाचे. कायद्यानेही तो गृहीत धरला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 2002 च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय त्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. दुसरीकडे हलवणे म्हणजे धोका टळणे, ही समजूत या तरतुदीच्या मुळाशी आहे. हलवल्यानंतर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

नाशिक जिल्ह्यासाठी हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. दारणा धरण 1916 मध्ये पुरे झाले, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, आणि गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठाने पुढच्या पिढ्यांत बागायत वाढत गेली. उसाचे पीक वर्षभर उभे असते, आडसाली असेल तर दीड वर्षापर्यंत. त्यात गर्द आडोसा मिळतो, पाणी जवळ असते आणि शेजारच्या वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या असतात. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत बिबट्यांच्या माद्या उसातच वितात आणि पिल्ले उसातच मोठी होतात. अशा बिबट्याने जंगल पाहिलेलेच नसते. तो वाट चुकून गावात आला, असे म्हणण्याला त्यामुळे आधार उरत नाही. 2020 च्या पावसाळ्याच्या सुमारास नाशिक रोडजवळच्या दारणाकाठच्या गावांत लागोपाठ हल्ले झाले आणि माणसे दगावली. मृतांत लहान मुले होती. त्या गावांनी पिंजऱ्यांची मागणी केली, यात नवल काहीच नाही. घरातले मूल गेलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवणे हा क्रूरपणा आहे. पण त्याच्या शेजारच्या घरातले मूल वाचावे म्हणून आकडेवारी तपासावीच लागते.

ती तपासली गेली पुणे जिल्ह्यात. जुन्नर वन विभागात 2001 पासून बिबटे पकडून हलवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 2003 या काळातल्या माणसांवरील हल्ल्यांच्या नोंदी एकत्र केल्या आणि हे संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. मोहिमेपूर्वी या विभागात वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मोहिमेत 29 बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी 39.5 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला 17 वर गेली आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. जे बिबटे त्याहून कितीतरी दूर नेऊन सोडले, त्यांच्या सोडल्या जागांच्या आसपासही हल्ले नोंदले गेले. माणसांचा बचाव करण्यासाठी योजलेला उपायच माणसांवरच्या हल्ल्यांत भर घालत होता, असा याचा अर्थ निघतो.

याची कारणे बिबट्याच्या जगण्यात आहेत. बिबट्या आपल्या मुलखाला धरून राहतो. कुठल्या बांधावर माणसे पहाटे येतात, कुठली वस्ती रात्री जागी असते, कुत्रे कुठे बांधलेले असते, हे त्याला ठाऊक असते आणि त्या माहितीच्या जोरावर तो माणसाला टाळतो. अनोळखी जागी सोडल्यावर ही माहिती निरुपयोगी होते. पिंजऱ्यात धडका मारून दात आणि नखे दुखावलेला, गर्दीच्या गोंगाटाने बिथरलेला प्राणी परक्या मुलखात उतरतो आणि बहुतेक वेळा परतीच्या दिशेने चालू लागतो. वाटेत ज्या वस्त्या लागतात, तिथल्या माणसांना त्याची सवय नसते आणि त्याला त्यांची नसते. इकडे रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. ऊस आणि कुत्री जिथल्या तिथे असल्याने दुसरा बिबट्या, बहुधा कोवळ्या वयाचा आणि अननुभवी, तिथे येऊन बसतो.

बिबट्या किती चालू शकतो हे 2009 मध्ये दिसले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नराला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. काही आठवड्यांत तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने महामार्ग, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडली. या प्रवासात त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले आणि त्याच नावाचा मराठी चित्रपट 2014 मध्ये आला. माळशेज घाट हे त्याचे घर व्हावे, हा निर्णय माणसांचा होता आणि त्याने तो मानला नाही.

नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात याच अभ्यासकांनी ट्रॅप कॅमेरे लावले. जिथे दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात आणि मोठे वन्य तृणभक्षी जवळपास नाहीतच, अशा शेतीच्या भागात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. ते खातात काय, हे विष्ठेच्या तपासणीतून कळले. त्यांच्या अन्नात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच भरला, कारण शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी असतात. राखणीसाठी वस्तीवर कुत्री वाढवावीत, हा सल्ला त्यामुळे पुन्हा तपासावा लागतो. कुत्रे भुंकून सावध करते हे खरेच, पण अंगणात मोकळे फिरणारे कुत्रे बिबट्याला थेट उंबऱ्यापर्यंत आणते. बंदिस्त गोठा काम करतो, याचा पुरावा मात्र याच आकड्यांत आहे आणि त्याकडे हवे तितके लक्ष गेलेले नाही.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने 2011 मध्ये मानव-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जुन्नरच्या अभ्यासाचे प्रतिबिंब आहे. बिबट्या नुसता दिसणे हे त्याला पकडण्याचे कारण होऊ नये, पिंजरा हा शेवटचा उपाय असावा, माणसाला इजा न केलेला बिबट्या पकडलाच तर त्याच परिसरात सोडावा आणि माणूस मारल्याचे सिद्ध झालेला बिबट्या पुन्हा मोकळा सोडू नये, असा त्यांचा आशय आहे. प्रत्यक्षात गावाच्या दबावापुढे वनरक्षकाला पिंजरा लावावाच लागतो. पिंजरा डोळ्यांना दिसतो, त्याने गावाला धीर येतो. अडकलेल्या बिबट्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते आणि काम झाल्यासारखे वाटते. तो सोडला गेला त्या गावात महिन्याभराने काय घडले, हे पहिल्या गावाला कळत नाही. चुकीचा सल्ला टिकतो तो असा. त्याचा लाभ एका जागी दिसतो, त्याची किंमत दुसऱ्या जागी मोजली जाते आणि दोन्ही नोंदी कुणी शेजारी ठेवून वाचत नाही.

एका बाबतीत मात्र जुनी रीत खरोखर बदलली आहे. दिवाळीनंतर ऊसतोड जोर धरते आणि फडात बछडी सापडू लागतात. आई सोडून गेली असे समजून ती उचलून नेली जात आणि त्यांचे उरलेले आयुष्य पिंजऱ्यात जाई. मादी जवळच दडलेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते, हे कळल्यापासून नाशिक परिसरात वन कर्मचारी बछडी तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि कॅमेरा लावून दूर थांबतात. मादी येते आणि बछडी घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी फडाभोवती घिरट्या घालत राहिली तर धोका ऊसतोड कामगारांना आणि कोपीत झोपलेल्या त्यांच्या मुलांना असतो. बछडी परत देण्यात कामगारांचाही बचाव आहे.

नवे ज्ञानही नोंदींच्या याच कसाला लावले पाहिजे. त्याला न डिवचल्यास बिबट्या माणसाच्या वाटेला जात नाही, हे वाक्य आता शाळांतून आणि फलकांवरून सांगितले जाते. बहुतेक बिबट्यांबाबत ते खरे आहे. पण दारणाकाठी घराजवळ खेळणाऱ्या मुलांनी बिबट्याला डिवचलेले नव्हते. जुन्नरचा अभ्यास 2003 पर्यंतच्या नोंदींचा आहे. त्यानंतर उसाचे क्षेत्र, वस्त्या आणि बिबट्यांची वावरण्याची ठिकाणे बदलली आहेत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात मुले आणि वृद्ध बळी पडले, तेव्हा शेतात जाताना काहींनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. मादी बिबट्यांवर गर्भनिरोधाचा मर्यादित प्रयोग करण्याची आणि पकडलेले बिबटे राज्याबाहेर पाठवण्याची योजना पुढे आली. गर्भनिरोधाचा प्रयोग व्हायला हरकत नाही, मात्र आधीचे आणि नंतरचे हल्ले मोजले गेले तरच तो प्रयोग ठरेल. बिबटे बाहेर पाठवल्यावर रिकाम्या जागी कोण येते, या जुन्नरने शिकवलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेत आधी मिळायला हवे.

काही उपाय वन खात्याच्या हातातलेच नाहीत आणि म्हणून चर्चेत मागे पडतात. शेतीपंपाला वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी रात्री पाणी भरायला जातो. अंधारात, उसाच्या कडेला, बारे देण्यासाठी वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा उंच दिसत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. ती गावापर्यंत किती पोहोचली, हा बिबट्यापासून सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. घराशेजारी शौचालय, वस्तीच्या रस्त्यावर दिवा, घर आणि ऊस यांच्यात मोकळी पट्टी, विहिरीला कठडा, उघड्यावर न टाकलेली मेलेली कोंबडी, यांतल्या एकाचेही छायाचित्र छापून येत नाही. गर्दी आवरणे हाही असाच उपाय. जानेवारी 2019 मध्ये नाशिक शहरात गंगापूर रस्त्याच्या परिसरात बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांच्या गराड्यात सापडून त्याने माणसे जखमी केली. अशा वेळी रस्ता मोकळा ठेवून लोकांना घरात थांबवणे हे पोलिसांचे पहिले काम असते.

पकडलेल्या बिबट्याच्या शरीरात ओळखीची चिप बसवता येते. चिपचा क्रमांक, पकडल्याची जागा आणि तारीख, सोडल्याची जागा आणि तारीख, आणि त्या दोन्ही जागांभोवती पुढच्या वर्षभरात झालेले हल्ले, एवढी माहिती एका कागदावर मावते. हा कागद दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचला गेला, तर पिंजरा कुठे उपयोगी पडला आणि कुठे घातक ठरला, हे गावालाच ठरवता येईल. निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि नाशिक तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी पुढचा पिंजरा मागताना वन विभागाकडे या नोंदीचीही मागणी करावी.