नामदेव कच्चे का ठरले?

ज्याच्या हातचा नैवेद्य त्याच्या लहानपणीच विठ्ठल जेवला, ज्याच्याशी तो रोज बोलतो, तो माणूस भक्तीत कच्चा कसा असेल? वारकऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच स्वतःला घातला आणि त्याचे उत्तर एका कथेत ठेवले. तेरला गोरोबाकाका कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताईने तिथे पडलेले थापटणे पाहून ते कशासाठी म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग आमचीही पारख करा, म्हणाली मुक्ताई. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे निमूट बसून राहिले, नामदेव मात्र चिडले. एवढे एक मडके कच्चे, असा निकाल लागला.

नामदेव गाऱ्हाणे घेऊन पंढरपूरला गेले, तर विठ्ठलानेही त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर, असे सांगून त्याने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, बाबा, म्हातारा झालो, जिथे पिंडी नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी उभी राहू लागली.

कीर्तनात ही कथा बहुधा गुरूची थोरवी सांगण्यासाठी येते. ती तशी ऐकायला माझी हरकत नाही, पण तिच्यातले खरे धाडस त्यामुळे झाकले जाते. इतिहास म्हणून ती घडली की नाही, हा वाद मी बाजूला ठेवते. विठ्ठलावर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसांनीच ती पिढ्यान् पिढ्या जपली, हे मला अधिक मोलाचे वाटते. विठ्ठलाचा सगळ्यांत लाडका भक्त त्यांनी निवडला, त्याचा साक्षात्कार खरा मानला, आणि तरीही एवढ्याने देव कळला असे होत नाही, हे खुद्द विठ्ठलाकडूनच वदवून घेतले. साक्षात्काराबद्दल इतकी सावध आणि इतकी प्रेमळ कथा मला दुसरी ठाऊक नाही.

नामदेवांच्या अनुभवात उणे काय होते? त्यांनी विठ्ठल पाहिला तो खराच पाहिला, कथा त्यावर शंका घेत नाही. पण तो विठ्ठल विटेपुरता होता, पंढरपूरपुरता होता, आणि नामदेवांपुरता होता. आपण देवाचे लाडके आहोत ही जाणीव त्यांच्या भक्तीत मुरली होती. थापटण्याचा घाव बसला तो नेमका त्या जाणिवेवर. गोरोबांनी त्यांना तत्त्वज्ञान विचारले नाही, दृष्टांतांची यादी मागितली नाही. आपला मान दुखावला की हा माणूस कसा वागतो, एवढेच पाहिले. औंढ्याला जे घडले तो त्याच परीक्षेचा उत्तरार्ध आहे. देव इथे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला जिथे तो नाही असे एक ठिकाण दाखवायला सांगितले गेले, आणि त्याला ते दाखवता आले नाही.

देवाच्या स्वरूपाबद्दल अनुभवातून काही कळते का, या प्रश्नाला माझे उत्तर या कथेतून येते. कळते. पण जो अनुभव आपल्या सोयीच्या देवाला धक्का लावतो, त्यातून कळते. जो अनुभव आपले आधीचेच मत पक्के करून देतो, आपली जात, आपला पंथ, आपले मोठेपण यांवर देवाची सही घेऊन येतो, त्याच्याकडे मी संशयाने पाहते. त्यात कितीही प्रकाश दिसला असो.

नामदेवांच्या पुढच्या आयुष्यात हा धक्का ठळक दिसतो. परंपरेनुसार १२७० मध्ये जन्मलेला हा पंढरीचा शिंपी महाराष्ट्र सोडून उत्तरेत जातो, पंजाबात घुमानला राहतो. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतला देव पुष्कळदा विटेवर उभा नाही, कोणत्याही एका जागी नाही. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्याला भाषेचा अभिमान वाटला, ते योग्यच होते. मला त्याहून अधिक वाटते ते असे की, आपल्या गावच्या देवाला परक्या मुलखात, परक्या लोकांमध्ये ओळखणे हे नामदेवांना जमले. विठ्ठल त्यांनी टाकला नाही. तो केवळ आपला आहे, हे मात्र टाकले.

बहिणाबाईंचे उदाहरण याहून जिवाला लागणारे आहे. देवगावची ही ब्राह्मण मुलगी, लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालेली. कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींची कीर्तने तिने ऐकली, तिच्या जिवाभावाचे वासरू गेले, आणि त्या दुःखाच्या ग्लानीत तुकोबांनी तिला दर्शन देऊन मंत्र दिला. तिने तुकोबांना तोवर पाहिलेही नव्हते. हे सगळे तिने स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. सतराव्या शतकातली एक बाई आपल्या अनुभवाचा असा तपशील लिहून ठेवते, याचे पुरेसे अप्रूप आपण अजून केलेले नाही.

तिच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. ब्राह्मण बाईला मनाने घडवलेलेच स्वप्न पडायचे असते, तर त्यात एखादा मान्यवर ब्राह्मण स्वामी आला असता. घरात कौतुक झाले असते. आले ते शूद्र मानले गेलेले तुकोबा. नवरा संतापला, तिने मार खाल्ला. तरी ती मागे फिरली नाही, देहूला गेली, आणि पुढे ब्राह्मण म्हणायचे तरी कोणाला, हा प्रश्न तिने वज्रसूची या संस्कृत ग्रंथाच्या आधारे अभंगांत मांडला. त्या दर्शनाने तिला सुख दिलेच, पण त्याआधी तिच्याकडून किंमत घेतली. तिला भेटलेला देव तिच्या घरच्या देवापेक्षा मोठा निघाला.

याच मापाने उलट बाजूही मोजावी लागते. पंढरपूरच्या गाभाऱ्यात रोज मूर्तीला हात लावणारे किती होऊन गेले असतील! आणि अस्पृश्य मानले गेलेले चोखोबा बाहेर उभे. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. दलितांना मंदिर उघडले ते मे १९४७ मधल्या साने गुरुजींच्या उपोषणानंतर. स्पर्शाची जवळीक आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका दाराच्या इतिहासात दिसते. देव कसा आहे हे दाराच्या आतल्यांपेक्षा चोखोबांना अधिक कळले होते, असे मी कुणाला दुखावण्यासाठी म्हणत नाही. मला ते खरे वाटते.

येथे बुद्धिवादी मित्र मला थांबवतात. ग्लानी, उपास, शोक यांत मेंदू काहीही दाखवतो, म्हणतात. दाखवतो, हे मलाही मान्य आहे. पण अनुभव शरीरात कसा उपजला हे कळल्याने तो कशाचा होता हे ठरत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०२ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा धरून अनुभवाची पारख त्याच्या फळांवरून करायला सांगितले होते. आणि भोंदू बाबांची जी भीती या मित्रांना वाटते ती मलाही वाटते. ज्याच्या साक्षात्काराने त्याची गादी, गाडी आणि दरारा वाढत गेला, त्याच्यापुढे गोरोबांचे थापटणे धरायला हवे.

आपल्याकडे या विषयाचा शिस्तीने अभ्यास केला तो गुरुदेव रा. द. रानडे यांनी. जन्म जमखंडीचा, १८८६ चा. फर्ग्युसन, विलिंग्डन आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन, आणि जोडीला भाऊसाहेब महाराज उमदीकरांनी दिलेल्या नामाची आयुष्यभराची साधना. १९३३ चा त्यांचा महाराष्ट्रातील साक्षात्कारवादावरचा इंग्रजी ग्रंथ मी पुन्हा पुन्हा उघडते. साधकाला दिसणारे प्रकाश, रूपे, ऐकू येणारे नाद यांची ते गंभीरपणे नोंद घेतात. मला त्याहून भिडते ते तुकोबांचे प्रकरण. दुष्काळात पत्नी गमावलेला, धंदा बुडालेला हा माणूस देव भेटत नाही म्हणून तळमळतो, भांडतो, न पाहिलेल्याचे गुण गातो म्हणून स्वतःची लाज बाळगतो. रानडे त्या काळाला आत्म्याची काळोखी रात्र मानतात, स्पेनच्या संत जॉनच्या शब्दांत. न भेटणे हासुद्धा देवाचा अनुभव असू शकतो, हे मला तिथे प्रथम नीट उमगले. मागितला की हजर होणारा देव आपल्या हातातला असतो. तुकोबांचा तसा नव्हता.

माझ्या स्वतःच्या गाठीशी फार थोडे आहे, तेवढे सांगते. वडील अतिदक्षता विभागात होते. रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी नाम घेत होते, आणि नामाआड एकच मागणे होते. पहाटेच्या सुमारास ते मागणे गळून गेले. मी सोडले नाही, ते सुटले. नाम चालू राहिले आणि जी शांतता आली ती माझी नव्हती, कारण ती माझ्या मनाप्रमाणे मुळीच नव्हती. शेजारी खेड्यातून आलेल्या एक आजी बसल्या होत्या, त्यांचा नातू आत होता. रात्रभर त्या माझ्या शेजारी असून मला दिसल्या नव्हत्या. आता त्यांचे दुःख माझ्या दुःखाइतकेच वजनाचे वाटले, तिळभर कमी नाही. वडील दोन दिवसांनी गेले. त्या पहाटेला मी दर्शन म्हणत नाही. पण देवाकडे माझ्यासाठी वेगळी रांग नाही, हे मला तिथे कळले आणि ते ऐकीव राहिले नाही.

तरीही एक आक्षेप माझ्या मनात जागा आहे, आणि तो परक्या ठिकाणाहून येत नाही. भाऊसाहेब महाराजांच्याच इंचगेरी परंपरेत सिद्धरामेश्वर महाराज झाले आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज, मुंबईत खेतवाडीच्या बाजूला विडीचे दुकान चालवणारे. तिथल्या लहानशा माळ्यावर जगभरचे जिज्ञासू येऊन बसत. त्यांचे सांगणे असे की अनुभव कितीही उंच असला तरी तो येतो आणि जातो, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या मागे न लागता तो ज्याला येतो त्याचा शोध घ्या. परंपरा एकच, पण रानडे अनुभव नोंदवून ठेवतात, निसर्गदत्त तो सोडून पुढे चला म्हणतात. सिद्धरामेश्वरांनी या दोन वाटांना पिपीलिका आणि विहंगम अशी नावे वापरली: मुंगीची वाट आणि पक्ष्याची.

पक्ष्याच्या वाटेचे तर्कबळ मला मान्य आहे. औंढ्याला विसोबांनी नामदेवांना दाखवले तेही बहुधा तेच होते. पण विसोबांकडून परत आलेले नामदेव कीर्तन करीतच राहिले, विठ्ठलाला हाक मारीतच राहिले, चोखोबा मंगळवेढ्यास भिंतीखाली गेले तेव्हा, कथेप्रमाणे, त्यांच्या अस्थी आणायला स्वतः गेले. अनुभव ओलांडल्यावरही त्यांना कुणाला तरी हाक मारावीशी वाटली आणि कुणासाठी तरी चालावेसे वाटले. देव निर्गुण असेल तर ही हाक कोणाला होती, याचे उत्तर निसर्गदत्तांच्या बोलण्यात मला अजून सापडलेले नाही. म्हणून मी मुंगीच्या वाटेवर आहे, आणि नामदेवांची गाथा वाचते आहे.