वेल कोणाची, कोयती कोणाची?

कृष्णकमळाचे फूल हातात घेऊन लहान मुलांना महाभारत सांगण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. बाहेरच्या जांभळ्या तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, त्यांच्या वरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव, सर्वांत वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश आणि या सगळ्यांच्या मधोमध हिरवा गोळा दिसतो तो साक्षात श्रीकृष्ण. एखादे चौकस पोर तंतू खरोखरच मोजायला बसते आणि कौरव शंभर भरत नाहीत अशी तक्रार घेऊन येते. एखाद्या फुलात तर ते शंभराच्या वर जातात. मग आजी "दुःशलेला धरलीस का रे?" असे विचारून वेळ मारून नेते.

मौज अशी, की हेच फूल स्पॅनिश मिशनऱ्यांनी अमेरिकेच्या रानात पाहिले तेव्हा त्यांना त्यात ख्रिस्ताचे बलिदान दिसले. सतराव्या शतकाच्या आरंभी रोममधल्या याकोमो बोसियो नावाच्या ग्रंथकाराने या अर्थाचे वर्णन लिहून ठेवले आणि पुढे ते ख्रिस्ती जगात रूढ झाले. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. 'पॅसिफ्लोरा' या शास्त्रीय नावात ख्रिस्ताच्या यातनांची ती आठवण अजून आहे. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतल्या. म्हणजे ज्या फुलात आपण आपले कुरुक्षेत्र पाहतो, ते फूल कुरुक्षेत्राच्या वेळी या देशात नव्हतेच. फुलाचे त्यात काही बिघडत नाही. ते एक दिवस उमलते, मोठ्या काळ्या भुंग्यांना मधाचे आमंत्रण देते आणि दुसऱ्या दिवशी मिटून जाते.

पण महाभारतातले मूळ भांडण कशावरून होते, हे फूल दाखवणारी आजी सहसा सांगत नाही. भांडण जमिनीचे होते. पाच गावेसुद्धा द्यायची नाहीत, सुईच्या टोकावर राहील एवढी मातीही सोडायची नाही, असे दुर्योधन म्हणाला. बांधावरून आणि गडग्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या कोकणी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फुलातले कौरव-पांडव शेजारी शेजारी शांत बसलेले असतात. सीमेची भानगड सुरू होते ती फुलाखालच्या वेलीपासून.

ही वेल कशी पसरते ते पाहण्यासारखे आहे. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर एक लांबलचक प्रबंध प्रसिद्ध केला. १८७५ साली त्याचे पुस्तक झाले. त्याने तपासलेल्या वेलींमध्ये हालचालीच्या वेगात पहिला नंबर लागला तो कृष्णकमळाच्या कुळातल्या एका नाजूक जातीचा. तिच्या तणाव्याच्या टोकाला हलका स्पर्श झाला की अर्ध्या मिनिटाच्या आत तो वाकू लागे. पण तणाव्यांवर पाण्याचे थेंब पडले तर ते ढिम्म राहतात. पावसाचा थेंब कोणता आणि धरण्याजोगा आधार कोणता, हे त्या हिरव्या धाग्याला कळते! मला तर हे वाचून वेलीविषयी आदरच वाटू लागला. ज्या वेलीची पारख इतकी सूक्ष्म आहे, तिला एकच गोष्ट कळत नाही: हा आधार कोणाचा आहे.

आणि हे झाले वरचे, दिसणारे. बागेत लावल्या जाणाऱ्या काही जाती मुळांतूनही चालतात. मूळ जमिनीखालून आडवे जाते आणि मूळ खोडापासून पाच-दहा हातांवर अचानक कोंब वर येतो. तो ओढून काढला तर तुटतो, आणि जमिनीत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतो. घरमालक मांडवावरची फुले पाहत असतो, त्या वेळी वेल गडग्याखालून पलीकडे गेलेली असते.

आता आरे-वारेकडे येतो, कारण हा प्रश्न मला तिथे भेटला. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना आरे आणि वारे असे दोन किनारे लागतात. वरून पाहिले तर सुरूच्या बनाची काळपट रेघ आणि तिच्यापुढे समुद्र. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत वेलीला कोणी खत घालावे लागत नाही की पाणी. आणि नेमक्या त्या महिन्यांत इथली कितीतरी घरे बंद असतात. घरमालक मुंबईला किंवा पुण्याला. मे महिन्यात आंब्याला यायचे, गणपतीत पाच दिवस यायचे, की पुन्हा कुलूप.

माझ्या एका स्नेह्याचे घर असेच. निवृत्तीनंतर येऊन राहू म्हणून डागडुजी केलेले, पुढे खळे, मागे परसू, बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा. गडग्यावर काहीतरी शोभेचे हवे म्हणून त्यांनी कृष्णकमळ लावले. दोन पावसाळ्यांत गडगा दिसेनासा झाला आणि येणारे-जाणारे मोटारी थांबवून फोटो काढू लागले. गडग्यापलीकडे एका काकींचे आगर आहे. माड, पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, एक रतांबा आणि नव्याने लावलेली दोन आंब्याची कलमे. वेल पलीकडे उतरली ती थेट कलमांवर. कोवळ्या कलमावर एकदा वेलीची गोधडी पडली की त्याला ऊन मिळत नाही आणि शेंडा वाकतो. काकी वर्षभर, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कोयती घेऊन ती कापत होत्या.

गणपतीला स्नेही आले तेव्हा काकींनी विषय काढला. स्नेही हसून म्हणाले, "काकी, निसर्गाला कुठे बांध कळतो?"

"निसर्गाला नाही कळत रे," काकी म्हणाल्या, "पण तुला कळतो ना? वेल तुझी नि कोयती माझी, हे कुठलं वाटप?"

त्या वाक्याने मी गप्पच झालो. स्नेह्यांच्या उत्तरात दडलेली पळवाट मोठी जुनी आहे. जे आपण केले, त्याचे परिणाम दिसू लागले की ते निसर्गाच्या खात्यावर टाकायचे. वेल आपोआप वाढली हे खरे. पण ती आपोआप तिथे आली नव्हती. रोपवाटिकेतून पैसे देऊन आणली होती.

दुसरी पळवाट याच्या अगदी उलट दिशेची. त्या घरी आलेला एक कॉलेजातला मुलगा तावातावाने म्हणाला, की ही वेल परदेशी आहे, परदेशी झाडे म्हणजे आक्रमण, मुळासकट उपटून टाका. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे नाकारता येणार नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणूनच आली आणि आज देशभरची राने तिने व्यापली आहेत. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कृष्णकमळाचीच एक बहीण फुलांसाठी नेण्यात आली. केळ्याच्या आकाराची तिची फळे डुकरांनी आणि पक्ष्यांनी खाल्ली, बिया पसरल्या आणि हजारो एकर जंगलावर तिचे पांघरूण पडले. आपल्याच कोकणात कुंपणांवर दिसणारी, जाळीदार हिरव्या वेष्टनात पिवळे फळ धरणारी रानटी कृष्णकमळाची वेल याच कुळातली आणि तीही अमेरिकेतूनच आलेली. तिला कोणाच्या परवानगीची गरज पडलेली नाही.

पण मग मी त्या मुलाला त्याच्या ताटाकडे बोट दाखवून विचारले, यातले काय काय ठेवतोस? मिरची परदेशी. काजूची उसळ पुढ्यात होती. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. बटाटा, टोमॅटो, पपई, पेरू, अननस, सगळे समुद्रापलीकडचे. समोर किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला लावलेला सुरूसुद्धा मूळचा इथला नाही. जन्मगावावरून निकाल द्यायचा तर कोकणातले अर्धे जेवण उठवून द्यावे लागेल. मुलगा हसला, पण पटले नाही त्याला. 'परदेशी' या शब्दात एक सोय असते, ती म्हणजे दोष वेलीच्या जातीवर जातो आणि लावणारा मोकळा राहतो. मला तर हा मुलगा आणि माझे स्नेही एकाच ओटीवर बसलेले दिसले. एक म्हणतो निसर्गाचा दोष, दुसरा म्हणतो परदेशाचा. काकींची कोयती दोघांच्याही हिशेबात नाही.

तिसरी सबब सर्वांत हळवी, आणि तिच्यामागे साक्षात ब्रह्मदेव उभा आहे. स्नेह्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आपल्या हाताने लावलेली, वाढवलेली. कशी तोडायची हो?" कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त दुसऱ्या सर्गात तारकासुराने गांजलेले देव ब्रह्मदेवाकडे येतात. तारकाला वर दिलेला असतो ब्रह्मदेवानेच. तो देवांना म्हणतो, की मीच याला वाढवले, आता मीच याचा नाश कसा करू. विषाचे झाड असले तरी ज्याने ते वाढवले त्याने स्वतः तोडणे बरे नव्हे. हा श्लोक आपल्याकडे सुभाषितासारखा पाठ केला जातो आणि लोक त्यात औदार्य पाहतात. मला त्यात औदार्य दिसत नाही. ब्रह्मदेवाच्या या हळवेपणाची किंमत पुढे कोण देते ते पाहा. मदन जळून राख होतो, रती विधवा होते, पार्वतीला घोर तप करावे लागते आणि शेवटी जन्माला यायचे असलेल्या एका मुलाच्या हाती शस्त्र द्यावे लागते. काव्य अप्रतिम झाले, यात शंका नाही. पण निस्तरण्याचे काम ज्याचे होते, त्याने ते सोडून सगळ्यांनी केले.

वाढवणाराने तोडू नये, हे मला अगदी उलट वाटते. तोडण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो वाढवणारालाच आहे, कारण झाडाची नस त्याला माहीत असते. नागवेलीचा मळा करणारा शेतकरी दरवर्षी वेली उतरवून गुंडाळतो, त्याला कोणी निर्दय म्हणत नाही. कृष्णकमळाचेही तसेच आहे. फुले नव्या फुटव्यावर येतात. बहर ओसरला की जुने जून वेल छाटले तर पुढच्या वर्षी फूल कमी न होता वाढते. म्हणजे ज्या कोयतीला आपण क्रौर्य समजतो, तिच्यावाचून वेलीचे रूपही टिकत नाही. कोणी म्हणेल, छाटणी निराळी आणि उपटणे निराळे. आहेच निराळे. पण दोन्हीसाठी माणूस जागेवर लागतो.

स्नेह्यांनी काकींना पैसे देऊ केले. महिन्याकाठी एक गडी लावा, खर्च माझा, म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. काकी म्हणाल्या, "पैसे टाकून गडी मिळत असता तर तो माझ्याच आगरात दिसला नसता का?" गावात कामाला माणूस नाही, हे तर खरेच, पण त्यापलीकडेही एक अडचण आहे. पावसाळ्यात कोंब आठवड्याला येतो. तो बोटभर असताना दिसला पाहिजे, आणि दिसण्यासाठी रोज त्या बाजूने कोणी जायला हवे. पैशाने कोयती चालवता येते. नजर नाही ठेवता येत. किनाऱ्याच्या या रस्त्यावर शहरातल्या लोकांची सुट्टीपुरती घरे वाढत आहेत, प्रत्येकाच्या अंगणात सुंदर, भराभर वाढणारे, पाणी न मागणारे काहीतरी लावलेले असते. ते भराभर का वाढते आणि कुठवर वाढेल, हा विचार ज्याने करायचा तो रविवारी संध्याकाळी परत निघालेला असतो.

या सगळ्यात वेलीवर उपजीविका करणारे एक पाखरू मात्र आपले आहे. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले, संथ उडणारे हे फुलपाखरू कृष्णकमळाच्या पानांवर अंडी घालते आणि त्याच्या काटेरी सुरवंटांनी मनावर घेतले तर वेलीचा एखादा भाग निष्पर्ण होतो. मराठीत त्याला कृष्णकमलिनी असे सुरेख नाव मिळाले आहे. पण सुरवंट कलमे वाचवतील या भरवशावर काकींना ठेवणे काही बरे नव्हे.

शेवटी त्याच गणपतीत, विसर्जन झाल्यावर, वेल काढायचे ठरले. दोन दिवस खणणे चालले होते. मुळे गडग्याच्या चिऱ्यांखालून पार आगरात गेली होती. सापडली तेवढी काढून उन्हात वाळत टाकली, कारण परसामागच्या पऱ्यात फेकली असती तर तिथे पुन्हा रुजली असती. उरलेले तुकडे फुटणार हे गृहीत धरून स्नेह्यांनी दिवाळीपर्यंत मुक्काम वाढवला आणि रोज सकाळी खुरपे घेऊन फेरी सुरू केली. काकी गडग्यापलीकडून पाहत असत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. "एक फांद मला दे," म्हणाल्या. "देवाला फूल लागतं. मी इथेच असते."

स्नेह्यांनी जुन्या पिंपाचा खालचा भाग कापून त्यात फांदी लावून दिली. पाणी जायला तळाला भोके ठेवावीच लागतात, आणि त्या भोकांतून मूळ जमिनीत उतरतेच. म्हणून पिंप मातीवर न ठेवता खळ्यातल्या दोन चिऱ्यांवर ठेवले आहे, आणि दर पंधरा दिवसांनी काकी ते थोडे कलते करून खाली हात फिरवतात.